सुमनच्या नावाची ट्यूब

अकरा बायका पुरुष निघाल्या तेव्हा मी चहा पीत होते. कप खाली ठेवला आणि प्रोग्राम पुन्हा चालवला. पुन्हा अकराच.

धुळ्यात देवपूरला एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे दोन टेबलं, एक कूलर आणि फायलींनी वाकलेलं एक कपाट. कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून मी निवृत्त झाले होते. घरी बसून शेजारणींच्या सुनांचा हिशोब ठेवण्यापेक्षा हे बरं, म्हणून डॉ. शिरीष यांच्या संशोधनाचं आकडेवारीचं काम मी घेतलं होतं. डॉक्टर चाळिशीतले, हुशार आणि कायम घाईत असत. जिना चढतानाच ते बोलायला सुरुवात करायचे, त्यामुळे पहिलं वाक्य मला कधीच पूर्ण ऐकू आलं नाही.

त्यांचा प्रश्न मात्र मला पहिल्या दिवसापासून आवडला होता. साक्रीकडच्या डोंगरपट्ट्यात अंगात रक्त कमी असलेल्या तरुण बायका खूप. त्यांना लोहाच्या गोळ्या देतात. बहुतेकींचं हिमोग्लोबिन तीन महिन्यांत वाढतं. काहींचं मात्र जागचं हलत नाही. मग नर्स म्हणते, "गोळ्या खात नाहीस." घरचे म्हणतात, "फेकून देते." ती बाई शपथा घेते, पण कोणी ऐकत नाही.

डॉक्टरांना शंका होती की यांतल्या काही जणी खरं बोलत असाव्यात. लोह आतड्यातून रक्तात किती जाऊ द्यायचं, हे ठरवण्यात काही जनुकांचा हात असतो. अशाच एका जनुकाचा एक वेगळा प्रकार असतो. तो ज्यांच्याकडे असेल त्यांच्या अंगाला गोळी लागत नसेल, तर? मग त्यांना रागावून काय उपयोग? त्यांना लोह सलाइनमधून द्यायला हवं. हे दाखवता आलं तर त्या बायका खोट्या ठरणार नाहीत आणि त्यांना योग्य उपचार मिळेल. आमच्या सगळ्या कामाचं प्रयोजन एवढंच होतं.

पद्धत सोपी आहे. ज्यांचं हिमोग्लोबिन गोळ्यांनी वाढलं नाही त्या केस. ज्यांचं वाढलं त्या कंट्रोल. दोन्ही गटांतल्या प्रत्येकीच्या रक्तातून डीएनए काढायचा आणि जनुकाचा तो वेगळा प्रकार कोणत्या गटात जास्त आहे ते मोजायचं. केसमध्ये जास्त निघाला म्हणजे लगेच पेढे वाटायचे नसतात. माझं माहेर फैजपूरचं, त्यामुळे मला केळीशिवाय दुसरं उदाहरण सुचत नाही. दोन मळ्यांतून शंभर-शंभर झाडं पाहिली आणि एकात करपा पडलेली झाडं थोडी जास्त दिसली, तर तो मातीचा दोष की निव्वळ योगायोग? त्यासाठी आम्ही एक प्रश्न विचारतो: मातीचा काहीच संबंध नसता, तर एवढा फरक नुसत्या योगायोगाने किती वेळा दिसला असता? त्या उत्तराला पी-व्हॅल्यू म्हणतात. ती जितकी लहान, तितका योगायोगावरचा विश्वास कमी करायचा. लोक तिला फार घाबरतात. घाबरण्यासारखं तिच्यात काही नाही.

आमची पी-व्हॅल्यू मोठी आली होती. म्हणजे दोन्ही गटांत विशेष फरकच नव्हता.

इथे माझी एक चूक कबूल करते. डेटा तपासून मग चाचणी लावायची असते. मी उतावळेपणाने आधी चाचणी लावली. एखाद्या विद्यार्थ्याने असं केलं असतं, तर मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं. उत्तर मनासारखं आलं नाही म्हणून मी हिरमुसले आणि मग रीतसर तपासणीला बसले. तेव्हा या अकरा बायका सापडल्या.

प्रयोगशाळेतून फक्त एका जनुकाची माहिती येत नाही. डीएनएवरच्या हजारो जागांची येते. त्यांत एक्स गुणसूत्रावरच्या जागाही असतात. बाईकडे दोन एक्स असतात, पुरुषाकडे एक. त्यामुळे ट्यूबमधलं रक्त बाईचं की पुरुषाचं, हे फॉर्म न बघताही कळतं. फॉर्मवर सगळ्याच बायका होत्या. अकरा ट्यूबमध्ये पुरुष होते.

डॉक्टर जिना चढत आले.

"...काय झालं, मॅडम? कमिटीला रिपोर्ट दहा दिवसांत पाठवायचाय."

मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.

"लॅबने ट्यूब बदलल्या," ते लगेच म्हणाले. "काढून टाका अकरा. असं होतं."

"होतं. पण अकराही केस आहेत. कंट्रोलमध्ये एकही नाही."

"मग?"

"लॅबला केस-कंट्रोल माहीतच नाही. त्यांना फक्त नंबर दिसतात. चूक त्यांची असती तर दोन्हीकडे पसरली असती."

डॉक्टर खुर्चीत बसले. ते बसले की समजायचं, मुद्दा पोचला.

मी त्यांना आणखी एक गोष्ट दाखवली. दोन वेगळ्या गावांच्या, वेगळ्या नावांच्या दोन बायका, दोघीही केस. दोघींचा डीएनए हुबेहूब एक. एकसारख्या जुळ्या बहिणींचा असतो तसा. फॉर्मवर दोघींच्या वयात चार वर्षांचं अंतर होतं.

"एकच बाई दोनदा?"

"एकच बाई दोन नावांनी."

"अकरा आणि या दोन काढा. मग काय येतं?"

मी काढून पाहिलं. पी-व्हॅल्यू थोडी खाली आली, पण पुरेशी नाही. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला.

"लिहा मग. संबंध आढळला नाही. कमिटी प्रोजेक्ट बंद करेल आणि साक्रीत सगळे म्हणतील, बघा, बायका गोळ्या फेकतच होत्या."

त्यांचा आवाज एकदम उतरला. मला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त कुतूहल वाटत होतं. पुरुष एक्सवरून पकडता येतात. पण बाईच्या जागी दुसरी बाई असेल तर ती पकडायची कशी? ती आमच्या फायलीत बाई म्हणून सुखाने बसलेली असणार. अशा किती? केसच्या गटात भलत्यांचं रक्त मिसळलं असेल, तर तो गट पाणी घातलेल्या दुधासारखा पातळ होतो. फरक असला तरी दिसत नाही. पण मिसळलं कोणी आणि कशासाठी? गोळ्या लागत नाहीत अशाच बायकांच्या जागी दुसरं कोणी का उभं राहील?

"ही सॅम्पल कोणी घेतली?" मी विचारलं.

"अनिलभाऊंनी."

अनिलभाऊ आमचे टेक्निशियन. पन्नाशी उलटलेले, शांत, हात असा हलका की लहान मूलही रडत नसे. आधी त्यांनी अनेक वर्षं रक्तपेढीत काढली होती. त्यांना बोलावलं. ते दारातच थांबले.

"या, बसा. अनिलभाऊ, या अकरा ट्यूब बघा. यांत पुरुषांचं रक्त आहे."

त्यांनी यादी हातात घेतली, बोट फिरवत वाचली आणि अजिबात न दचकता म्हणाले, "हो. ही घरी जाऊन घेतलेली आहेत."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"मॅडम, त्या बाया अशक्त. नवरे म्हणायचे, तिचं नका काढू, माझं काढा. घरातलंच आहे ना."

"घरातलं कसं चालेल?"

"ट्रेनिंगला तुम्हीच सांगितलं, हा दोष घराण्यातून येतो."

मी कपाळावर हात मारला नाही, एवढंच.

"अनिलभाऊ, नवरा-बायकोचं घराणं एक कसं असेल?"

"आडनाव तर एकच," ते म्हणाले.

डॉक्टर काहीतरी कडक बोलणार होते. मी त्यांना हाताने थांबवलं. ट्रेनिंग मीच दिलं होतं. फळ्यावर आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत छान झाड काढलं होतं. पण रक्त त्या एकाच बाईचं हवं, हे एक साधं वाक्य मी बोलले नव्हते. मला वाटलं होतं, ते काय सांगायचं!

"कंट्रोलच्या बायांचं असं झालं नाही?"

"त्या धडधाकट. दवाखान्यात स्वतः चालत आल्या. त्यांच्यासाठी कोण पुढे होणार?"

उत्तराचा अर्धा भाग मिळाला होता. उरलेला प्रत्यक्ष पाहायचा होता. डॉक्टर म्हणाले, फोन करून विचारू. मी म्हटलं, मी जाते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनिलभाऊ आणि मी जीपने निघालो. साक्री मागे टाकून डोंगराकडे वळलो. ज्या गावात गेलो त्याचं नाव लिहीत नाही. अंगणात मक्याची कणसं वाळत होती. यादीतलं पहिलं नाव होतं सुमन. वय चोवीस. हिमोग्लोबिन सातच्या घरात, तीन महिने गोळ्या घेऊनही सातच्याच घरात. तिच्या नावाच्या ट्यूबमध्ये पुरुष होता.

तो पुरुष अंगणातच कणसं सोलत बसला होता. सुमनचा नवरा, प्रकाश. अनिलभाऊंना बघून त्याने हात झटकले आणि सवयीने डाव्या हाताची बाही वर करायला लागला.

"आज नको," अनिलभाऊ म्हणाले. "या मॅडम धुळ्याहून आल्यात. विचारायचंय त्यांना."

मी विचारलं, "मागच्या वेळी रक्त तुम्ही दिलंत?"

"हा. दिधं."

"का?"

माझ्या अकलेची कीव आल्यासारखं त्याने माझ्याकडे पाहिलं.

"तिना आंगमा रगतच नही, बाई. तेमाईन आखो काढतस का? मन्हं ल्या ना."

तिच्यातून आणखी काढता का, माझं घ्या, एवढं साधं. मग त्याने सगळं समजावून सांगितलं. त्याच्या आईचं ऑपरेशन झालं होतं तेव्हा धुळ्याला दवाखान्यात सांगितलं होतं, पेशंटला रक्त लागेल, घरच्यांनी द्या. त्याने आणि त्याच्या भावाने एकेक बाटली दिली होती. आई बरी झाली. आता बायकोच्या नावाने रक्त मागायला माणसं दारात आली, तर देणार कोण? त्यानेच ना? बायकोच्या नावाने दिलेलं रक्त कधीतरी बायकोलाच मिळेल, असा त्याचा हिशोब होता. चार महिने तो वाट बघत होता.

"हाऊ काय गुन्हा शे का?" त्याने घाबरून विचारलं.

"नाही हो," मी म्हणाले. अकरा पुरुष, आणि आम्ही त्यांना काल चूक म्हणून फाइलमधून उडवणार होतो.

सुमन दाराच्या चौकटीला धरून उभी होती. ओठ पांढुरके, डोळे मोठे. तिच्या मागे तिची सासू. गावात सगळे त्यांना अक्का म्हणत. अक्कांचं मत तयारच होतं.

"ह्या गोळ्या उकिरडावर टाकी देस आनि म्हनस खाद्यात."

"मी खास," म्हणजे खाते, असं सुमन हळूच म्हणाली. "रोज खास."

"मंग रगत काबर वाढत नही?"

सुमनने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "बाई, तुमना तपासमा समजी का? मी खरी शे का खोटी?"

मी म्हणाले, "समजेल." आज मागे वळून बघते तेव्हा हा शब्द मला टोचतो. आमची चाचणी दोन गटांची तुलना करते. एका सुमनबद्दल ती काय सांगू शकते आणि काय नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण ती अशी बघत होती की माझ्या तोंडून निघून गेलं.

दोन दिवस आम्ही घरोघर फिरलो. बहुतेक घरांत तीच कथा. कुठे नवऱ्याने दिलं होतं, कुठे आईने, कुठे नणंदेने. त्या हुबेहूब ट्यूबचंही कोडं सुटलं. दोन गावांत दिलेल्या दोन लेकी, दोघी अशक्त. आईने दोघींच्या घरी जाऊन दोघींसाठी हात पुढे केला होता. अनिलभाऊंना ती ओळखीची वाटली होती, पण त्यांनी विचारलं नाही. प्रश्न न विचारता रक्त काढणं ही त्यांची रक्तपेढीतली जुनी सवय.

माझं कोडं सुटलं होतं. बाई जितकी अशक्त, तितकी तिच्या जागी दुसरं कोणीतरी पुढे येण्याची शक्यता जास्त. म्हणजे जिच्या रक्तात आमचं उत्तर असण्याची शक्यता सगळ्यात जास्त, नेमकं तिचंच रक्त आमच्याकडे पोचलं नव्हतं. घरच्यांच्या मायेने आमची चाचणी पार आंधळी करून टाकली होती.

धुळ्याला परतल्यावर डॉक्टरांशी पहिलं खरं भांडण झालं.

"ठरलं तर. केसच्या सगळ्या बायकांचं सॅम्पल पुन्हा घेऊ," ते म्हणाले.

"कंट्रोलचंही."

"त्यांचं बरोबर आहे. कशाला पुन्हा?"

"एका गटाला एक नियम, दुसऱ्याला दुसरा, असं चालणार नाही. दोघांचंही पुन्हा, एकाच पद्धतीने."

"वेळ कुठे आहे, मॅडम?"

"कमिटीकडून मागून घ्या. आणि अजून एक. चाचणी कोणती लावायची, कशी लावायची, हे आज कागदावर लिहायचं. खाली दोघांच्या सह्या. ती एकदाच लावायची. जे येईल ते येईल."

"माझ्यावर विश्वास नाही?"

"माझ्यावर नाही," मी म्हणाले, आणि ते खरं होतं. सुमनला मी शब्द देऊन बसले होते. मला उत्तर 'हो' असंच हवं होतं. ज्याला एकच उत्तर हवं असतं तो ते मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा विचारत राहतो, आणि आकडे बिचारे कधीतरी हो म्हणतात. हे मी वर्गात शिकवलं होतं. आता स्वतःला शिकवायची वेळ आली होती.

डॉक्टरांनी सही केली. रागाने केली, पण केली. कमिटीने मुदतही दिली आणि पुन्हा सॅम्पल घ्यायला परवानगीही.

राहिला एकच प्रश्न. पुन्हा सुई घेऊन गेलो तर पुन्हा नवरे पुढे येणार. याचं उत्तर अनिलभाऊंनी काढलं. झाल्या प्रकाराने ते मनातून फार ओशाळले होते. दोन दिवस माझ्याशी धड बोलले नव्हते.

"मॅडम, डीएनए फक्त रक्तातच असतो का?"

"नाही. थुंकीत असतो. गालाच्या आत कापूस फिरवला तरी मिळतो."

"मग सुईच नको."

इतकं साधं! आम्हाला का सुचलं नाही? कारण लॅबला रक्ताची सवय, डॉक्टरांना रक्ताची सवय, मला त्यांनी पाठवलेल्या फाइलची सवय. सुई नसेल तर बायकोला वाचवायचं कशापासून? कोणी नवरा मध्ये पडायचं कारणच उरलं नाही.

एक अडचण आली. बऱ्याच बायका मशेरी लावतात, आणि तोंडात मशेरी असली की सॅम्पल बिघडतं. अनिलभाऊ स्वतः तांब्या घेऊन अंगणात उभे राहायचे, तीनदा चूळ भरायला लावायचे, फोटोवरून चेहरा ताडून बघायचे आणि मगच कापूस काढायचे. फॉर्मवर 'सॅम्पल घेतले' असा रकाना होता. त्याच्या शेजारी त्यांनी पेनाने नवा रकाना आखला: 'कोणाचे'. प्रत्येक फॉर्मवर, हाताने, पट्टी लावून.

नवा डेटा आला त्या दिवशी मी आधी तपासणी केली. बायका सगळ्या बायकाच होत्या. हुबेहूब जोडी नव्हती. मग ठरलेली चाचणी एकदा लावली. डॉक्टर माझ्या मागे उभे होते.

पी-व्हॅल्यू लहान आली. खूप लहान. जनुकाचा तो वेगळा प्रकार केसच्या गटात स्पष्टपणे जास्त होता.

डॉक्टरांनी टेबलावर अशी थाप मारली की चहा सांडला. मी फाइल बंद केली, उघडली, पुन्हा पाहिली. पंचवीस वर्षं मी पुस्तकातली उदाहरणं सोडवली होती. खऱ्या माणसांच्या शरीरातली एक गोष्ट आकड्यांतून बाहेर येताना मी पहिल्यांदा पाहत होते. मला अक्षरशः नाचावंसं वाटलं.

मग मी सुमनची ओळ उघडली.

तिच्याकडे तो प्रकार नव्हता. एकही प्रत नाही. तिचं जनुक अगदी नेहमीचं होतं.

गटाचं उत्तर 'हो' होतं आणि सुमनचं 'नाही'. यात विसंगत काहीच नाही. केसमधल्या काहींचं कारण हे जनुक होतं, सगळ्यांचं नाही. पेपरमध्ये हे एका ओळीत लिहून मोकळं होता येतं. पण सुमनच्या अंगणात मी 'समजेल' म्हणाले होते, आणि आता माझ्याच चाचणीचा कागद तिच्याविरुद्ध साक्ष द्यायला तयार होता.

रिपोर्ट सांगायला डॉक्टरांनी बायकांना एकेक करून साक्रीच्या दवाखान्यात बोलावलं. मीही गेले. सुमन आली, सोबत अक्का. खरं तर सुमनशी एकटीशी बोलायला हवं होतं. आम्ही तसं म्हटलंही. पण अक्का खुर्ची ओढून बसल्या होत्या आणि त्यांना उठवायची आमच्यापैकी कोणाची छाती झाली नाही. सुमनच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. त्यास्नासमोरच सांगा."

डॉक्टरांनी सांगितलं. या जनुकाचा दोष काही जणींमध्ये सापडला. सुमनमध्ये नाही.

"म्हनजे इले काहीच नही?" अक्कांनी विचारलं. "मंग मी तेच म्हनत व्हतू. गोळ्याच खात नही ती."

सुमन खाली बघत राहिली. रडली असती तर बरं वाटलं असतं. ती रडली नाही.

"अक्का, थांबा," मी म्हणाले. आवाज जरा चढलाच. "या कागदाचा अर्थ तसा होत नाही. गोळी न लागण्याची कारणं बरीच असतात. आम्ही त्यातलं एक तपासलं. ते हिच्यात नाही. बस, एवढंच. हिने गोळ्या खाल्ल्या की नाही, हे या कागदाला माहीतच नाही."

"मंग कोनले माहीत शे?"

प्रश्न रास्त होता. मी डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा एकदम बदलला, काहीतरी घरी विसरून आल्याचं आठवल्यासारखा. ते सुमनकडे वळले.

"सुमन, लाजू नको. गोळ्या चालू असतात तेव्हा सकाळी शौचाला कसं होतं? रंग कसा असतो?"

सुमनने पदर तोंडाशी धरला. पदराआडूनच म्हणाली, "कायं."

"काळं?"

"कायंकुट्ट. डांबरना मायक. माले भ्याव वाटे. गोळ्या सरन्यात का मंग चांगलं व्हस."

डॉक्टर खुर्चीत मागे रेलले. लोहाची गोळी पोटात गेली की शौच काळं होतं. जे लोह अंगात शिरत नाही ते तसंच बाहेर पडतं. पहिल्या वर्षाच्या नर्सलाही हे माहीत असतं. सुमनला मात्र कोणी सांगितलं नव्हतं, आणि तरी ती नेमकं तेच सांगत होती. गोळ्या उकिरड्यावर गेल्या असत्या तर हे झालं नसतं. आमच्या फॉर्ममध्ये चार पानं प्रश्न होते. जमीन किती, घरात माणसं किती, पाणी कुठून आणता. हा एक प्रश्न नव्हता.

"अक्का," डॉक्टर म्हणाले, "ती गोळ्या खाते. माझी खात्री आहे."

अक्का सुमनकडे बघत होत्या, पण आता जरा वेगळं. सुमनने मान वर केली ती माझ्याकडे बघायला.

"बाई, हाई ते मी पहिलाच दिन सांगी देतू. कोनी इचारंच नही."

पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. कोणी विचारलंच नाही. मी तिची क्षमा मागितली. तिला ते विचित्र वाटलं असावं, कारण ती हसली.

डॉक्टरांनी त्याच आठवड्यात सुमनला लोहाचं सलाइन लावलं. जनुक असो वा नसो, तीन महिने गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन हललं नाही तर सलाइन द्यायचं आणि बाईशी वाद घालायचा नाही, असं त्यांनी रिपोर्टच्या शेवटी लिहिलं. दोन महिन्यांत सुमनचं हिमोग्लोबिन दहाच्या वर गेलं. म्हणजे शरीर लोह वापरत होतं, अडचण आत शिरण्यात होती. ती कशामुळे? जंत नव्हते, पोटाच्या इतर तपासण्याही ठीक आल्या. दुसरं एखादं जनुक असेल, किंवा जनुकाशी संबंध नसलेलंच काहीतरी. मला अजून माहीत नाही. अधूनमधून मी ती फाइल उघडून तिची ओळ बघते.

दुसऱ्या सलाइनच्या दिवशी मी मुद्दाम साक्रीला गेले होते. सुमन पलंगावर पडून होती. प्रकाश दाराशी उभा होता. सलाइनची बाटली बघून तो खूश होता, कारण आपण दिलेलं रक्त शेवटी बायकोपर्यंत पोचलं अशी त्याची समजूत झाली होती. बाटलीतलं औषध तांबूस असतं, त्याला मी काय करणार? अक्का स्टुलावर बसून सुमनचा हात हलू नये म्हणून धरून होत्या. शेजारच्या पलंगावरच्या पेशंटच्या आईने विचारलं, पोरीला काय झालंय?

"रगत कमी शे," अक्का म्हणाल्या.

"गोळ्या नाही खात वाटतं?"

अक्का तिच्यावर अशा उखडल्या की नर्सने वळून पाहिलं.

"खास ती! रोज खास! तिना आंगले लागत नहीत त्या. तुले काय माहीत?"

सुमनने डोळे मिटले होते. जागी होती, हे मला दिसत होतं.

आता मी नव्या मुलांना ट्रेनिंग देते तेव्हा झाडाचं चित्र काढत नाही. दोनच गोष्टी सांगते. जिचं नाव ट्यूबवर आहे, रक्त तिचंच हवं. आणि ट्यूब भरण्याआधी तिला काय सांगायचंय ते ऐकून घ्या, कारण ट्यूब ते सांगेलच असं नाही.